नळदुर्गचा टेलर कोणता?

एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कागदपत्रे चाळणाऱ्याला टेलर पावलोपावली भेटतात. १८१६ साली मुंबईत ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर छापणारा डॉ. जॉन टेलर वेगळा, मद्रासच्या वेधशाळेचा टी. जी. टेलर वेगळा आणि १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात मोर्चे बांधणारा अलेक्झांडर टेलर आणखी वेगळा. नळदुर्ग ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तिथल्या इतिहासातला टेलर म्हणजे फिलिप मेडोज टेलर. पण त्याचे पूर्ण नावही ओळखीला पुरत नाही, कारण लिव्हरपुलात व्यापार करणाऱ्या त्याच्या बापाचे नावही हुबेहूब तेच होते! तेव्हा कागदावरची तारीख आणि हुद्दा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१८५३च्या मे महिन्यात निजामाने कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या कारभारात दिला. टेलर तोवर सुरपूर संस्थानात होता. तिथल्या टेकडीवरचा त्याचा बंगला ‘टेलर मंझिल’ याच नावाने ओळखला जातो. नळदुर्ग ताब्यात येताच त्याला तिकडे नेमले आणि १८५७च्या धामधुमीत बुलढाण्याला हलवले. म्हणजे या जिल्ह्यात त्याची कारकीर्द जेमतेम चार वर्षांची.

या चार वर्षांसाठी सर्रास वापरले जाते ते त्याचे आत्मचरित्र. ते छापले गेले १८७७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर वर्षभराने आणि मुलीच्या संपादनाखाली. नळदुर्गचा किल्ला, जमीन मोजणी, कारभाराची घडी हे सारे त्यात आहे. पण उतारवयात मागे वळून लिहिलेले. त्याने आपला नातलग हेन्री रीव्ह याला भारतातून लिहिलेली पत्रे १९४७ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केली. ती घडत्या काळातली आहेत. दोहोंत विसंगती दिसली तर मी आधी पत्राकडे झुकेन.

तिसरा कागद मात्र फसवा आहे. १८६३ साली आलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापुरात सुरू होते. नायिका तिथल्याच एका शास्त्र्याची मुलगी. गाव लेखकाने डोळ्यांनी पाहिलेले, म्हणून वर्णन जिवंत उतरले आहे. पण कथेत येणारा अफजलखानाचा वध प्रत्यक्षात झाला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी, आणि टेलरने कथेला साल दिले १६५७. १६५७, १७५७, १८५७ अशी शतकांची माळ त्याला तीन कादंबऱ्यांत ओवायची होती. माळेसाठी इतिहास दोन वर्षे मागे सरकला.

म्हणून १८५०च्या दशकातल्या तुळजापूर-नळदुर्गसाठी टेलरची साक्ष जरूर काढावी. शिवकाळातल्या तुळजापूरसाठी ‘तारा’चा आधार देणे चूकच. खुद्द नळदुर्गचा मुलूख १८६०च्या तहाने निजामाकडे परत गेला.