हैदराबाद स्क्वाड्रन आणि किनवटचा सारा

एरिक मार्स हा इंग्रज वैमानिक किनवटला कधी आला नाही. तरी त्याच्या कारकिर्दीची नोंद किनवटच्या इतिहासात असायला हवी, असे माझे म्हणणे आहे. १९४० मध्ये तो रॉयल एअर फोर्सच्या ज्या १५२ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाला, तिचे नाव, निजामाच्या देणगीमुळे, होते हैदराबाद स्क्वाड्रन. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार होती आणि ब्रीद होते ‘फेथफुल अलाय’, म्हणजे पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल निजाम मीर उस्मान अलीला इंग्रजांनी दिलेला किताब. २५३ क्रमांकाची हरिकेन विमानांची तुकडीही हैदराबादच्याच नावाची. त्याआधी, १९१८ मध्ये, ११० क्रमांकाच्या तुकडीची डीएच-९ए बॉम्बर विमानेही निजामाच्या देणगीतली. त्यांपैकी जर्मनांच्या हाती लागलेले एक आज लंडनच्या आरएएफ संग्रहालयात उभे आहे.

मार्स वयाने इतका लहान दिसे, की सहकारी त्याला ‘बॉय’च म्हणत. जुलै १९४० मध्ये त्याची तुकडी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेलला आली आणि तिथून तो स्पिटफायर घेऊन जर्मन विमानांशी भिडत राहिला. ऑक्टोबरमधल्या एका चकमकीत विमानाला गोळ्या लागल्या, उतरताना एक चाक बाहेर आले आणि दुसरे आलेच नाही. त्याने ते एका चाकावर उतरवले. या लढायांचे वर्णन तो वडिलांना पत्रांतून कळवत असे, आणि म्हणूनच एवढा बारीक तपशील आपल्यापर्यंत पोचला. १९४१ च्या सुरुवातीला त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्याच वर्षी २४ जुलैला फ्रान्समधील ब्रेस्टवर विमानविरोधी तोफेच्या माऱ्यात तो पडला. हे शौर्य सर्वस्वी त्याचे; त्यात कोणाची वाटणी नाही. पण स्क्वाड्रनचे नाव हा एका देणगीचा हिशेब आहे, आणि हिशेब म्हटला की पैसा कुठून आला हे विचारावेच लागते.

किनवट तेव्हा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. नांदेडला ते जोडले गेले १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत. या पट्ट्यातून दरबाराला मिळे ते जमिनीचा सारा आणि सागवानी जंगलाचे उत्पन्न. जंगल राखीव होत गेले तशी गोंड-कोलामांची शेतीची जागा आक्रसली. चराईचा कर आणि जंगलखात्याच्या शिपायांची वरकमाई वेगळीच. मार्स वॉर्मवेलहून उडत होता त्याच वर्षी, १९४० मध्ये, याच जिल्ह्यात जोडेघाटला गोंडांचा नेता कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर दरबाराला जाग आली आणि क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फला गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला सांगण्यात आले. हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ जर्मन पासपोर्टमुळे ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरून संस्थानात अडकला होता. जमिनी कशा गेल्या, लाच कशी घेतली जाई, हे त्याने लिहून ठेवले. ज्या युद्धाने मार्सला पदक दिले, त्याच युद्धाने आदिलाबादच्या गोंडांना त्यांची तक्रार लिहून घेणारा माणूस दिला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

यावर कोणी म्हणेल, देणगी निजामाच्या खाजगीतली होती, त्यात रयतेचा काय संबंध? पण त्याची खाजगी, म्हणजे सर्फ-ए-खास, हीसुद्धा खेड्यापाड्यांचा सारा घेणारी जहागीरच होती. शिवाय दिवाणी खजिन्यातूनही निजामाला दरसाल रक्कम जाई. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिटलरला रोखणारी विमाने घेण्यात पैसा गेला, तर तो सत्कारणीच लागला की! हे मला मान्य आहे. किनवटच्या शेतकऱ्याला कोणी विचारले असते, तर कदाचित त्यानेही दिला असता. मुद्दा एवढाच, की त्याला कोणी विचारले नाही आणि नाव मात्र दात्याचे लागले. बरे, या दानातून दरबाराला हवे ते संरक्षणही मिळाले नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अॅक्शनमध्ये भारताची टेम्पेस्ट विमाने संस्थानावर आली, तेव्हा दोन महायुद्धांत इंग्रजांना विमाने पुरवणाऱ्या निजामाकडे स्वतःचे एकही लढाऊ विमान नव्हते आणि इंग्लंड मदतीला धावले नाही. त्याआधी चोरून शस्त्रे आणण्यासाठी त्याने सिडनी कॉटनला धरले होते. स्पिटफायरमधून शत्रुप्रदेशाची छायाचित्रे घेण्याचे तंत्र रुजवणारा तो हाच कॉटन.

उस्मान अलीच्या दानशूरपणाच्या गोष्टी मराठवाड्यात अजून चवीने सांगितल्या जातात. त्या सांगणाऱ्यांनी एकदा जमेची बाजूही पाहावी. निजामी राजवटीची दप्तरे हैदराबादला तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. नांदेडच्या इतिहास विभागांतल्या उर्दू वाचता येणाऱ्या विद्यार्थ्यांनी किनवट तालुक्याच्या जमाबंदीपासून सुरुवात करावी.