यादीत नसलेल्या संस्था मोजायच्या कशा?

आजचा भाग मानखुर्दचा, आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय घेतला होता: आपल्या भागातल्या स्वयंसेवी संस्था चालतात कशा? नोंदणीकृत संस्थांची यादी मिळवली, चिठ्ठ्या टाकून नावं काढली आणि निघालो. पहिल्या पत्त्यावर मोबाईल रिपेअरचं दुकान. दुसऱ्यावर कुलूप. तिसऱ्या ठिकाणी एक काका म्हणाले, "अरे, ती बंद पडून जमाना झाला." परत येताना लल्लूभाई कंपाउंडमध्ये जिन्याखाली पोरांचा अभ्यास घेणारी एक ताई दिसली. रोज घेते. पावतीपुस्तक नाही, बोर्ड नाही, यादीत नाव नाही.

माझ्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. यादीच चुकीची होती.

आता ही यादी येते कुठून? 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा इंग्रजांच्या काळातला. त्यावर 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. त्यामुळे आपल्याकडे एकच संस्था दोन नोंदवह्यांत सापडू शकते. दोन्ही वह्या एकत्र करून चिठ्ठ्या टाकल्या तर तिची निवड होण्याची शक्यता दुप्पट, आणि त्या ताईची शून्य!

हा घोळ देशपातळीवरही झाला. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2008 पर्यंत नोंदलेल्या संस्था मोजल्या, त्या सुमारे 31 लाख भरल्या. मग माणसं प्रत्यक्ष शोधायला गेली, तेव्हा हाती लागल्या जेमतेम 7 लाख. याआधी, 2002 च्या सुमाराला, 'प्रिया' संस्थेने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत उलटी वाट धरली होती. नुसत्या यादीवर न थांबता वस्त्या आणि गावं निवडून तिथे चौकशी केली. त्यांचा अंदाज देशात 12 लाख संस्थांचा, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या बिननोंदणीच्या. सुमारे तीन चतुर्थांश संस्थांत पगारी माणूस एक किंवा एकही नाही. म्हणजे आपली ताई अपवाद नव्हतीच.

इथे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आठवतात. पिकाच्या अंदाजासाठी शेताचा किती मोठा तुकडा कापावा, यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला होता. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की तुकडा लहान असला तर काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. वस्तीतही काठ असतोच. ऑफिस चेंबूरला, काम मानखुर्दला. अशी संस्था कुठे धरायची? हा नियम मोजणीआधी ठरवावा लागतो.

"एवढा आटापिटा कशाला?" असं वाटेल. तर जरा जनता कॉलनी आठवा. जानेवारी 1976 मध्ये सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली, फोटोपास दिले. गणनेत नाव असणं हा पुढे राहण्याचा पुरावा ठरला. त्याच वर्षी इथली जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्रासाठी उठवली आणि लोकांना चिता कॅम्पला हलवलं. त्या कॉलनीचे नेते जॉकिन अरपुथम आणि त्यांचे साथीदार पुढे यातूनच शिकले: आपली मोजणी आपणच करायची. 1985 मध्ये 'स्पार्क'ने फुटपाथवर राहणाऱ्यांची गणना केली, तीही याच वाटेने. ज्यांना कोणी मोजत नव्हतं, त्यांच्याकडे सांगायला आकडे आले.

मी प्रोजेक्ट पुन्हा केला. भागाचे तीन गट पाडले: पुनर्वसनाच्या इमारती, झोपडपट्टी, स्टेशनजवळचा पट्टा. प्रत्येक गटातून चिठ्ठ्यांनी गल्ल्या आणि इमारती काढल्या आणि दारोदार एकच प्रश्न विचारला: "इथे लोकांसाठी कोण काय चालवतं?" यादी वेगळी ठेवली, दोन्हीकडे सापडलेली संस्था एकदाच धरली. एकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं तर ते लिहून घेतलं, पण नमुन्यात घातलं नाही. नाहीतर ज्यांच्या ओळखी जास्त तेच आत येतात.

निधी वाटताना, योजना आखताना कोणीतरी असंच एखादं सर्वेक्षण उघडतं. त्यात जिन्याखालचा वर्ग नसेल, तर त्यांच्या लेखी तो भरतच नाही.

तुमच्या गल्लीत असं कोण आहे? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!