तेवीस इंच की पंचवीस?

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या पडवीत किंवा डोंबिवलीतल्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली डॉज किंग्जवे उभी असेल आणि ती घरच्या घरी पुन्हा चालती करायचा बेत असेल, तर पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. ही गाडी मुळात कशी होती? अमेरिकी माहितीपुस्तिका उघडली की उत्तर सापडले असे वाटते. माझे म्हणणे असे, की या गाड्यांच्या बाबतीत ती पुस्तिका दुय्यम साक्षीदार आहे. पहिली साक्ष कुर्ल्याची घ्यायची, आणि ती मिळवायला कागद आणि लोखंड एकमेकांसमोर उभे करायचे.

आधी काळाची चौकट. जुनी अमेरिकी गाडी म्हटले की आज डोळ्यांसमोर मसल कार येते: १९६४ ची पाँटिॲक जीटीओ, १९६६ ची डॉज चार्जर. पण ती पिढी जन्मली तेव्हा भारताची दारे आयात मोटारींना जवळजवळ बंद होती. आपल्या भागात घरी दुरुस्त करायला मिळते ती बहुधा त्याआधीच्या पिढीची क्रायस्लर कुळातली गाडी. डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो. तिच्या जन्माचा माग डेट्रॉइटइतकाच ठाण्याकडे जाणाऱ्या आग्रा रोडलगतच्या कुर्ल्याकडे जातो. डोंबिवलीकरांना ‘प्रीमियर’ म्हटले की कल्याण-शीळ रस्त्यावरचा कारखाना आणि १९९० च्या दशकातली पूजो ३०९ आठवते. या गोष्टीतली प्रीमियर मात्र कुर्ल्याची.

त्या कारखान्याच्या जन्माचे दोन मुख्य लेखी साक्षीदार आहेत. एक गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र, दुसरे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे इंग्रजी आत्मचरित्र. चरित्रकाराचा ओढा चरित्रनायकाकडे असणार आणि आत्मचरित्रकाराचा स्वतःच्या योजनेकडे, हे धरूनच दोन्ही वाचावीत. सांगाडा मात्र जुळतो. मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मांडली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तिला हमीचे पाठबळ देऊ केले, आणि १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळ गेल्यावर योजना लोंबकळली. वालचंद त्याच वर्षी अमेरिकेत होते. फोर्डशी जमले नाही, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक बाजारांचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते. क्रायस्लरशी जमले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. कॅनडाचा हा उल्लेख वाचकाने लक्षात ठेवावा. तो पुढे थेट इंजिनाच्या लांबीत उतरतो.

तिसरा साक्षीदार सरकारी आहे, आणि कालनिर्णयासाठी तो सर्वांत उपयोगी. १९४९ मध्ये भारत सरकारने पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाचा अहवाल दिला. ज्यांच्याकडे सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच पुढे वाव द्यावा, असा त्याचा रोख होता. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यासोबत फोर्ड, दोघींनीही त्यानंतर भारतातले काम गुंडाळले. यातून तारखांची एक चाळणी हाती येते. १९४८ साली नोंदलेली शेव्हरोलेट शिवडीची असण्याची शक्यता मोठी. १९५८ साली पहिल्यांदा नोंदलेली शेव्हरोलेट मात्र वकिलातीतून किंवा खास परवान्यावर आलेली असावी. आणि १९५४ नंतरची डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो? तिच्या बाबतीत कुर्ला हे पहिले अनुमान, आणि त्याविरुद्धचा पुरावा दुसऱ्याने द्यायचा.

इथे नावाची पाटी फसवते. कुर्ल्यातून डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही तीन नावे बाहेर पडत, पण पत्रा आणि सांगाडा मुळात एकच, प्लिमथच्या घरचा. फरक जाळीचा, बिल्ल्यांचा आणि सजावटीच्या पट्ट्यांचा. त्यामुळे ‘डॉजला प्लिमथचे दार बसवले आहे’ असा आरोप ऐकला तर लगेच मान डोलवू नये. अमेरिकेतल्या डॉजच्या चित्राशी ती गाडी जुळणारच नाही. ते चित्र समोर ठेवून पत्रा ‘सुधारणारा’ डेंटर एक अस्सल गाडी नकली करून ठेवतो.

आता कागद. नोंदणी पुस्तिका, म्हणजे आपले आरसी बुक. पहिल्या नोंदणीची तारीख, चॅसी नंबर, इंजिन नंबर, सिलिंडरांची संख्या आणि अश्वशक्ती हे रकाने आधी उतरवून घ्यावेत. ‘एमएच ०४’ किंवा ‘एमएच ०५’ क्रमांक असला तर तो मूळचा नव्हे एवढे नक्की. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि ‘एमएच’ची मालिका त्या सुमाराची. म्हणजे गाडीला त्याआधी दुसरा क्रमांक होता आणि कुठेतरी फेरनोंदणीची खूण असायला हवी. पुस्तिका दुय्यम प्रत असेल तर तिचे वजन कमी धरावे. नकलेत नजरचूक होते आणि ती पुढच्या प्रत्येक नकलेत टिकते.

इंजिन नंबर मात्र पडताळता येतो. क्रायस्लर कुळातल्या या सहा सिलिंडरांच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनावर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकाशी, डायनामोच्या वर एक सपाट जागा असते. नंबर तिथे ठोकलेला असतो. तेलकट काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसावी, पॉलिश पेपर लावू नये, कारण ठोकलेल्या अक्षराची कड हाच पुरावा. प्लिमथच्या मालिका ठरलेल्या आहेत: १९४६ ते ४८ ‘पी १५’, १९४९ ची मुख्य मालिका ‘पी १८’, १९५० ची ‘पी २०’, १९५१-५२ ‘पी २३’, १९५३ ‘पी २४’, १९५४ ‘पी २५’. डॉजच्या बॉनेटखाली ‘पी’ दिसला म्हणून इंजिन बदलले असे ठरत नाही. पाटी आणि कूळ वेगळे असू शकते हे वर पाहिलेच.

पण ‘टी’ने सुरू होणारा नंबर दिसला तर जरा थांबावे. ‘टी’ म्हणजे ट्रकचे इंजिन. त्यातही ‘टी २१४’ असेल तर ते दुसऱ्या महायुद्धातल्या पाऊण टनी लष्करी डॉजचे, २३० घनइंचांचे. तो ब्लॉक किंग्जवेत सहज बसतो. कल्याणला युद्धकाळात मोठी लष्करी छावणी होती, आणि फाळणीनंतर तिथेच निर्वासितांची वसाहत होऊन १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळाले. युद्ध संपल्यावर मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकांची इंजिने आसपासच्या गॅरेजांत पोहोचली असावीत, असे मला वाटते. हा तर्क आहे, पुरावा नाही. एखाद्या पुस्तिकेत इंजिन बदलाची नोंद, तारीख आणि ‘टी २१४’ एकत्र सापडले, तर निदान त्या एका गाडीपुरता तो तर्क पुराव्याच्या जवळ सरकेल.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. क्रायस्लरने ‘२१८ घनइंच’ या एकाच नावाखाली दोन वेगळी इंजिने बनवली. अमेरिकेतल्या इंजिनाचा बोअर ३ १/४ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच. गुणाकार केला तर २१७.८ घनइंच, म्हणजे सुमारे ३,५६८ सीसी. कॅनडातल्या विंडसरच्या इंजिनाचा बोअर ३ ३/८ इंच आणि स्ट्रोक ४ १/१६ इंच. गुणाकार २१८.१ घनइंच, सुमारे ३,५७३ सीसी. फरक पाच सीसीचा. कागदावर दोन्ही जुळी. पण ब्लॉक एक नव्हे. अमेरिकी ब्लॉकचे हेड सुमारे २३ इंच लांब, कॅनडाचे सुमारे २५. काहीही न उघडता, बॉनेट वर करून, साध्या मेजरटेपने हे मोजता येते, आणि अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी निकाल बदलत नाही. तेवीस निघाले तर ब्लॉक अमेरिकी घडणीचा.

पंचवीस निघाले तर लगेच कॅनडा म्हणायचे नाही. अमेरिकेतल्या डिसोटो आणि क्रायस्लर गाड्यांची मोठी सिक्सही त्याच लांबीची होती, फक्त तिचा बोअर ३ ७/१६ इंच. इथे आरसी बुकातला अश्वशक्तीचा रकाना कामी येतो. जुन्या नोंदींत करासाठीची अश्वशक्ती लिहिलेली असेल, तर ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीची नसून केवळ बोअरवरून काढलेली असते: बोअरचा वर्ग गुणिले सिलिंडर, भागिले अडीच. ३ १/४ इंचाला २५.३५ येतात, ३ ३/८ ला २७.३४ आणि ३ ७/१६ ला २८.३६. म्हणजे पुस्तिकेत ‘२७.३४’ दिसले आणि टेपवर पंचवीस इंच आले, तर कारकुनाने सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेला आकडा आणि समोरचे लोखंड एकच गोष्ट सांगत आहेत. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. आणि इथे कागद लोखंडाहून विश्वासार्ह आहे: इंजिन एकदोनदा बोअर झाले असेल तर आजचे माप मूळ मापापेक्षा मोठे येईल, रकान्यातला आकडा मात्र पहिल्या दिवसाचाच राहतो. एक मर्यादा सांगायला हवी. २३० घनइंचाच्या अमेरिकी इंजिनाचा बोअरही ३ १/४ च आहे, वाढला तो स्ट्रोक. म्हणून ‘२५.३५’ हा आकडा २१८ आणि २३० यांत निवाडा करू शकत नाही. त्यासाठी ठोकलेला नंबर किंवा उघडलेले हेडच हवे.

घरी काम करताना लोखंड आणखी बोलते. या ब्लॉकच्या आत, वॉटर बॉडीच्या मागे, पाणी वाटणारी पत्र्याची एक लांब नळी असते. ती गंजली की मागच्या सिलिंडरांना गार पाणी पोहोचत नाही आणि व्हॉल्व्ह-सीट जळतात. वॉटर बॉडी सोडवली की ती समोरून ओढून काढायची. सत्तर पावसाळे पाहिलेली नळी तुकड्यांनीच येते. तुकडे फेकू नयेत: जुनी पत्र्याची नळी निघाली तर या इंजिनाचे पाण्याचे मार्ग कधी नीट साफ झाले नसावेत, पितळी निघाली तर आधीच्या कोणा जाणत्या मिस्त्रीचा हात लागला आहे. नवी घालताना पितळीच घालावी. डाव्या चाकांचे बोल्ट उलट आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेल्याने जोर लावला की बोल्ट तुटतो, आणि डाव्या हबवर सरळ आटे दिसले तर हब बदलला गेल्याची ती खूण. १९५५ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरी सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह बाजू बॉडीला. १९५६ पासून बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह बॉडीला. एखाद्या १९५४ च्या गाडीत बारा व्होल्ट सापडले तर वायरिंग बदलले आहे, पण तेवढ्यावरून इंजिनही बदलले असे म्हणता येत नाही.

रंग खरवडण्याआधी डिकीच्या झाकणाच्या आत किंवा डॅशबोर्डखाली नाण्याएवढी जागा बारीक पेपरने हलके घासावी. एकेक थर वर्तुळासारखा उघडा पडतो आणि प्रायमरवर लगेच असलेला थर कारखान्याचा धरावा. तो अमेरिकी रंगतक्त्यात मिळाला नाही तर घाबरू नये. सुटे भाग पेट्यांतून येत, पण टॅरिफ कमिशनच्या धोरणाप्रमाणे देशी वस्तूंचा वाटा वाढवायचा होता. भारतात डनलपचे टायर १९३६ पासूनच बनत होते. टायर, बॅटरी, आसनांचे कापड आणि रंग देशी असणे हे अस्सलपणाच्या विरोधात जात नाही. माझ्या मते कुर्ल्याच्या गाडीत ते अस्सलपणाचेच लक्षण आहे.

याला आज कायदेशीर वजनही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी तीत बसते. अर्ज नमुना २० मध्ये, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि पाहणी राज्य समितीकडून. आयात गाडीला बिल ऑफ एंट्री लागते, भारतात आधी नोंदलेल्या गाडीला जुने आरसी बुक. कुर्ल्यात जोडलेल्या गाडीचे पूर्ण गाडी म्हणून आयातपत्र असणारच नाही, म्हणून तिचा सारा भार त्या पुस्तिकेवर पडतो.

सर्वांत अवघड प्रकरण डिझेल झालेल्या किंग्जवेचे. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिने बसली, आणि त्यातल्या कित्येक त्यामुळेच भंगारात जायच्या वाचल्या. नियमाच्या शब्दांत तो मोठा फेरफार ठरतो. २०१३ मध्ये अमलात आलेली आंतरराष्ट्रीय ट्यूरिन सनद मात्र वाहनाच्या वापरकाळात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग मानते. मला सनदेची बाजू पटते. डिझेल काढून पेट्रोल सिक्स परत घालायची असेल तर मालकाने जरूर घालावी, पण आधी डिझेल इंजिनाचा नंबर, माउंटिंगसाठी केलेले वेल्डिंग आणि बदलाची आरसी नोंद यांचे फोटो घ्यावेत. मग हेडची लांबी, अश्वशक्तीचा आकडा, ठोकलेल्या नंबराचा ठसा आणि रंगाच्या वर्तुळाचे छायाचित्र यांसह ते सारे समितीच्या फाइलीत लावावे. उत्पादनस्थळ लिहिताना टेप आणि पुस्तिका जुळत असतील तर ‘कुर्ला, भाग विंडसरहून’ किंवा ‘कुर्ला, भाग डेट्रॉइटहून’ असे लिहावे, आणि जुळत नसतील तर नुसते ‘कुर्ला’.