खाटेचें दुखणें

वृद्ध माणूस इस्पितळांतून घरीं येतो. न्यूमोनिया हटलेला असतो, डॉक्टरांनीं हंसतमुखानें निरोप दिलेला असतो. आणि तरीही जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्याला दम लागतो, स्नान करून आल्यावर पुन्हा आडवें व्हावेंसें वाटतें, खुर्चीवरून उठतांना कुणाचा तरी हात शोधावा लागतो. घरचीं माणसें म्हणतात, दुखण्यानें खाल्लें. शेजारी म्हणतात, वय झालें. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु तिसरेंही एक कारण आहे, आणि तें मान्य करावयास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. तें कारण म्हणजे खुद्द खाट.

विश्रांति हें औषध आहे ही समजूत कांहीं अडाणीपणाची नव्हे. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांचीं व्याख्यानें १८६३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. दुखावलेल्या अवयवाला स्वस्थता मिळाली कीं निसर्ग त्याची डागडुजी करतो, हें त्यांत त्यांनीं साधार दाखविलें. मोडलेल्या हाताला फळी बांधावी हें रास्तच. चूक झाली ती पुढच्या पायरीवर : एका अवयवाला जें हितकर, तें सबंध देहालाही हितकर, असें गृहीत धरण्यांत आलें. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर तर सहा आठवडे पडून राहणें हा नियमच झाला. शिकागोचे एमिल रीस यांनीं १८९९ सालीं शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना एकदोन दिवसांत उठवून दाखविलें; पण त्यांचें म्हणणें कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. मराठींत ‘अंथरूण धरलें’ म्हणजे दुखणें वाढलें असें आपण समजतों. तिकडे मात्र अंथरूण धरणें हाच उपचार होऊन बसला होता.

ह्या नियमाची खरी किंमत मोजली ती निराधार वृद्धांनीं. इंग्लंडांत गरिबांच्या कायद्याखालीं चालणाऱ्या आश्रयशाळांना जोडून रुग्णालयें असत. पक्षाघात झालेला, सांधे आखडलेला किंवा नुसताच थकलेला म्हातारा तेथें एकदां खाटेवर निजला कीं बहुधा तेथून उठत नसे. १९३५ सालीं लंडनच्या पश्चिमेस वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारची अशीच एक संस्था सोपविण्यांत आली. तिच्या ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन या बाईंवर पडली. त्या मूळच्या शस्त्रवैद्य. वृद्धांची चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे असें तोंवर तेथें फारसें कोणी मानीत नव्हतें.

वॉरनबाईंनीं प्रथम जें केलें तें आज फार साधें वाटेल : त्यांनीं प्रत्येक रुग्णाला तपासलें. पुष्कळांचें नीट निदानच झालेलें नव्हतें. त्यांनीं रुग्णांची वर्गवारी लावली; मळकट भिंतींना उजळ रंग दिला, दिवे वाढविले, आधाराला दांड्या बसविल्या; आणि ज्यांना उठवणें शक्य होतें त्यांना उठविलें. आधीं खाटेच्या कडेला बसणें, मग खुर्ची, मग दोन पावलें. आखडलेला गुडघा सरळ करावयास आठवडेच्या आठवडे लागत, आणि तो मुळांत आखडला होता तो पडून राहिल्यानें. हें काम दिसावयास शस्त्रक्रियेसारखें दिपवणारें नव्हतें. पण ज्यांच्या नांवावर ‘असाध्य’ असा शिक्का होता, त्यांतले कित्येक चालूं लागले, कांहीं घरीं गेले. कालांतरानें ७१४ खाटांच्या जागीं सुमारे २४० खाटांत विभागाचें काम भागूं लागलें. १९४३ व १९४६ सालीं त्यांनीं हा अनुभव लेखरूपानें मांडला, आणि ब्रिटनमध्यें वृद्धचिकित्सेच्या शाखेचा पाया त्यांतून घातला गेला. म्हातारपण म्हणून ज्याची बोळवण केली जात होती, तें बऱ्याच अंशीं उपेक्षेचें फळ होतें, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या वैद्यवर्गाला सुखावह वाटला असेल असें नाहीं.

मधल्या काळांत महायुद्धानें निराळ्याच मार्गानें हातभार लावला. खाटा अपुऱ्या पडूं लागल्या तसे रुग्णांना लवकर उठवणें भाग पडलें, आणि त्यानें अनर्थ होत नाहीं हें दिसून आलें. १९४७ सालीं लंडनचे रिचर्ड ॲशर यांनीं अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहून फुप्फुसें, शिरा, त्वचा, स्नायु, हाडें आणि मन अशी एकेकाची हानि मिस्किलपणें मांडली. १९५२ सालीं बोस्टनचे सॅम्युएल लिव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनीं हृदयाचा झटका आलेल्या ८१ रुग्णांना आरामखुर्चींत बसविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

पण निजल्यानें शक्ति जाते ती कशी ? उभ्या माणसाचें रक्त पायांकडे ओढलें जातें. आडवें होतांच तें छातीकडे वळतें. शरीराला तें फाजील भासतें, आणि मूत्रपिंडें जास्तीचें पाणी बाहेर टाकतात. कांहीं दिवसांत रक्ताचें एकंदर मान घटतें. मग उठावयास जावें तों डोळ्यांपुढें अंधारी. दरम्यान देहाचा भार पेलणारे मांडीचे व पोटरीचे स्नायु रोडावतात. तरुणाला हें नुकसान सोसतें, कारण त्याची शिल्लक मोठी असते. वृद्धाची शिल्लक मुळांतच बेताची. खुर्चीवरून उठण्यापुरतेंच जें बळ उरलेलें असतें, त्यांतलाच वांटा जातो.

१९६६ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें विशीच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे निजवून ठेवण्यांत आलें. त्यांची प्राणवायु वापरण्याची क्षमता एकचतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनीं तेच पांच जण पुन्हा तपासले, तेव्हां त्यांच्यापैकीं एकाचीही स्थिति त्या तीन आठवड्यांनंतरच्या स्थितीपेक्षां वाईट नव्हती ! त्यांच्या बाबतींत तीस वर्षांच्या वयापेक्षां तीन आठवड्यांच्या खाटेनें अधिक हिरावून नेलें होतें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत सरासरी ६७ वर्षांचीं निरोगी माणसें दहा दिवस खाटेवर होतीं. तेवढ्यांत त्यांच्या पायांतला चरबीविरहित भाग, म्हणजे मुख्यतः स्नायु, सुमारे एक किलो कमी झाला.

इस्पितळांतल्या माणसाला याखेरीज मोडलेली झोप असते, तपासणीसाठीं घडलेला उपवास असतो, वेदना असतात. येल विद्यापीठाचे हार्लन क्रुमहोल्झ यांनीं २०१३ सालीं ह्या सगळ्याचें मिळून इस्पितळोत्तर विकार असें नांव ठेवलें. अमेरिकेंत घरीं गेलेल्या वृद्धांपैकीं जवळजवळ पांचवा हिस्सा महिन्याच्या आंत पुन्हा आजारी पडून परततो, आणि अनेकांचें दुसरें दुखणें पहिल्याहून वेगळेंच असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

एवढें कळूनही आजच्या वॉर्डांत म्हातारीं माणसें दिवसाचा बहुतेक भाग आडवींच असतात. त्याला परिचारिकांची अपुरी संख्या कारण आहे, हाताला टोंचलेली सुई आणि लघवीची नळी कारण आहे. पण सर्वांत मोठें कारण म्हणजे रुग्ण पडेल ही धास्ती. पडलेल्या रुग्णाची नोंद वहींत होते. न उठविल्यामुळें ज्याच्या पायांतलें बळ गेलें, त्याची नोंद करावयाला मात्र तेथें रकाना नसतो.