सेंट्रल लाइन बसवताना होणारी धमनी-इजा

सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयालगतच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, बसवताना सुई, डायलेटर किंवा नळी शेजारच्या धमनीत शिरणे या गुंतागुंतीस धमनी-इजा म्हणतात. मानेत जुग्युलर शिरेलगत कॅरोटिड धमनी असते. कॉलरबोनखाली व जांघेतही शीर आणि धमनी अशाच जोडीने जातात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील २००३ सालच्या आढाव्यानुसार धमनीत सुई लागण्याचे प्रमाण जुग्युलर मार्गाने ६.३ ते ९.४ टक्के, तर जांघेतून ९ ते १५ टक्के होते.

सुईतून तार सरकवून तिच्यावरून नळी घालण्याची पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली (ती मुळात धमन्यांच्या क्ष-किरण चित्रणासाठी होती). सुईचे छिद्र दाबल्यास बहुधा मिटते. खरा धोका तारेवरून जाड डायलेटर गेल्यानंतर सुरू होतो.

== ओळख ==

लालभडक, उसळणारे रक्त ही नेहमीची खूण. मात्र ती फसवी आहे. कोकणात आढळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने किंवा सर्पदंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाचा रक्तदाब व रक्तातील ऑक्सिजन घटलेला असल्यास धमनीचे रक्तही काळसर दिसते आणि संथ वाहते. म्हणून डायलेटर घालण्यापूर्वी तार शिरेतच असल्याचे सोनोग्राफीने पाहतात किंवा सुईला जोडलेल्या नळीतील रक्ताचा दाब मोजतात. सोनोग्राफीनेही धोका संपत नाही, कारण सुईचे टोक शिरेची मागची भिंत भेदून धमनीत जाऊ शकते.

== उपचार ==

जाड नळी धमनीत गेल्याचे कळताच ती उपसून जागा दाबण्याची इच्छा होते. तेच टाळावयाचे असते. तसे केल्याने मानेत रक्त साचून श्वासमार्ग दबणे, पक्षाघात किंवा छातीत रक्तस्राव होऊ शकतो. कॉलरबोनखालील धमनी तर बाहेरून नीट दाबताच येत नाही. नळी जागीच ठेवून रक्तवाहिनी शल्यविशारदास पाचारण करतात आणि शस्त्रक्रियेने किंवा धमनीच्या आतून स्टेंट बसवून छिद्र बंद करतात.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळील सावर्डे येथे वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही ग्रामीण भागात असा तज्ज्ञ प्रत्येक रुग्णालयात नसतो. अशा वेळी कुंभार्ली घाटाने कराडकडे किंवा महामार्गाने मुंबईकडे रुग्ण हलवावा लागल्यास नळी घट्ट बांधून, तोंड बंद करून आणि तिच्यातून कोणतेही औषध न देता नेतात. नळी धमनीत असल्याची ठळक चिठ्ठी तिच्यावर लावतात, म्हणजे पुढच्या रुग्णालयात कुणी चुकून तिच्यातून इंजेक्शन देणार नाही.