पकडीचे मोल

टोकावड्यासारख्या गावी कबड्डीचा सामना रंगला, की नाव गाजते ते चढाई करणाऱ्याचे. कोपऱ्यात दबा धरून त्याचा घोटा पकडणारा गडी फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. हा पक्षपात जुनाच. प्रो कबड्डीच्या लिलावाने त्याला फक्त रुपयांचे आकडे दिले.

२०१४च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, १२.८० लाखांची. २०१८मध्ये सहा खेळाडू कोटीपर्यंत पोहोचले. त्यांत निव्वळ बचावपटू एकच, यू मुंबाने १ कोटीला घेतलेला इराणचा फझल अत्राचली. चढाईपटू मोनू गोयतला मात्र १.५१ कोटी मिळाले.

याचे मूळ गुणलेखनात आहे. चढाईपटू एका दमात तीन गडी टिपून तीन गुण आणू शकतो. पकडीला एरवी एकच गुण, आणि चार हातांनी केलेली पकडही एकाच्याच नावावर जमा होते. साखळीतून आधार देणारा मध्यरक्षक हिशेबातच येत नाही, मग बोलीत कसा येणार?

मैदानाचा निवाडा मात्र निराळा. २०२३मध्ये पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूसाठी २.३५ कोटी मोजले. १ मार्च २०२४ रोजी पलटण प्रथमच विजेती ठरली. पुढील मोसमात तो २.०७ कोटींना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि विजेतेपदही तिकडेच गेले.

तरीही सारे श्रेय एकट्या शादलूला देणे म्हणजे तीच जुनी चूक करणे होय. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गड्याचा भाव अजून ठरायचाच आहे.