एर्मेनेखिल्दो : एका नावाची हकीकत



आज स्पेनमध्ये मुलाचे नाव ‘एर्मेनेखिल्दो’ ठेवणारा बाप क्वचितच भेटेल. परंतु या लांबलचक नावाच्या पोटात एका बंडाची आणि हजार वर्षे लांबलेल्या निवाड्याची हकीकत दडलेली आहे.

हे नाव स्पेनचे खरे, पण मूळचे गॉथ लोकांचे. रोमन सत्ता मोडकळीस आली तेव्हा हे लोक तिकडे उतरले. त्यांची नावे आपल्या सामासिक शब्दांसारखी दोन पदांची असत. ‘एर्मेन’ म्हणजे सकल, विशाल. ‘गिल्द’ म्हणजे अर्पण किंवा मोल. जर्मन भाषेतील पैशाचा ‘गेल्ड’ हा शब्द याच कुळातला. ‘सर्वस्वाचे अर्पण’ असा अर्थ काढण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. बापाच्या नावातले एक पद मुलाला द्यावे, एवढाच पुष्कळदा हेतू असे. या राजपुत्राच्या बापाचे नाव होते लेओविगिल्द.

राजा लेओविगिल्द एरियन पंथाचा, म्हणजे पुत्र येशू हा पित्याच्या बरोबरीचा नव्हे असे मानणारा. त्याची बहुसंख्य प्रजा मात्र कॅथॉलिक. ५७९ साली त्याने थोरल्या मुलाला फ्रँक राजघराण्यातील इंगुंद ही कॅथॉलिक मुलगी करून घेतली. राजाची दुसरी राणी गोइस्विंथा ही इंगुंदच्या आईची आई. म्हणजे आजीच सासू झाली! पंथ बदलत नाही म्हणून या आजीने नातीला केस धरून जमिनीवर आपटले, असे तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो. घरात हा कलह पेटलेला पाहून राजाने जोडप्याला सेव्हिल प्रांताचा कारभार देऊन दूर धाडले. तेथे बिशप लेआंद्रच्या उपदेशाने राजपुत्र कॅथॉलिक झाला, आणि बापाविरुद्ध उठून स्वतःला राजा म्हणवू लागला. आधी धर्मांतर की आधी बंड, यावर पंडितांत अजून वाद आहे. आणि सारा निवाडा तर त्याच उत्तरावर लटकलेला! बापाने नदीचा प्रवाह अडवून सेव्हिलची कोंडी केली. ५८४ साली राजपुत्र कोर्दोबा येथे पकडला गेला, आणि ५८५ साली तारागोना येथे सिस्बर्त नावाच्या इसमाने त्याचा वध केला.

तो हुतात्मा की पितृद्रोही? रोमचा पोप ग्रेगरी याने त्याला हुतात्मा ठरविले. एरियन बिशपाच्या हातचा प्रसाद नाकारला म्हणून तुरुंगात त्याचे प्राण गेले, असे तो सांगतो. पण बिक्लारचा जॉन हा स्पेनमधलाच, स्वतः कॅथॉलिक, आणि लेओविगिल्दने हद्दपार केलेला. तोसुद्धा राजपुत्राला बंडखोरच म्हणतो आणि त्याच्या धर्मांतराचा उल्लेखही करीत नाही. ज्याला राजाने छळले तोच राजाची बाजू लिहितो, ही साक्ष मला अधिक वजनदार वाटते. धाकटा भाऊ रेकारेद ५८७ साली कॅथॉलिक झाला आणि ५८९ च्या तोलेदो परिषदेत गॉथांनी नवा पंथ स्वीकारला. तरी थोरल्याचे नाव त्या काळच्या स्पॅनिश लेखकांनी गौरवाने घेतले नाही. सिंहासनाविरुद्ध उठलेला माणूस नव्या कॅथॉलिक राजालाही अडचणीचाच होता.

निवाडा फिरला तो १५८५ साली. वधाला हजार वर्षे झाली तेव्हा दुसऱ्या फिलिप राजाच्या विनंतीवरून पोप पाचव्या सिक्स्टसने या राजपुत्राच्या उपासनेला मान्यता दिली. आता या फिलिपनेच १५६८ साली आपला पुत्र दोन कार्लोस याला कोठडीत घातले होते, आणि तो तेथेच मेला. बापाच्या कैदेत मेलेल्या राजपुत्राची पूजा मागताना त्या राजाच्या मनात काय आले असेल? पुढे १८१४ साली सातव्या फर्नांदोने लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रदीर्घ, एकनिष्ठ सेवेसाठी एक मानचिन्ह स्थापन केले आणि त्यालाही या बंडखोराचेच नाव दिले!

सामान्यांच्या जिभेने मात्र या नावाला केव्हाच वळण लावले होते. एर्मेनेखिल्दोचे मेनेंदो झाले, मेनेंदोचे मेंदो. आणि मेंदोचा मुलगा तो स्पेनमध्ये मेंदेझ, पोर्तुगालमध्ये मेंडिस. सोळाव्या शतकात गोव्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पोर्तुगीज धर्मपित्यांची किंवा पाद्र्यांची आडनावे मिळत. त्यांतून हे आडनाव आपल्या किनाऱ्यावर आले. गॉथ रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. पण गोव्यात कोणी मेंडिस भेटला, तर त्याच्या आडनावात सेव्हिलच्या त्या राजपुत्राचे नाव आहे.